अठ्ठावीस हात आणि एक कागद

माईककाका तीस वर्षं बायकोच्या हातांचे अर्थ लोकांना सांगत आले, आणि त्या तीस वर्षांत त्यांनी ते हात एकदाही धड पाहिले नाहीत. ऐकायला विचित्र वाटेल. पण आपल्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं, असं ते स्वतःला सांगत, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

पोटापाण्यासाठी ते बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. एका बिनखिडकीच्या खोलीत बसायचं, समोर चिठ्ठ्या येतील त्या वाचायच्या, अमुक गाडी तमुक फलाटावर लागलेली आहे. गाडी खरंच लागलीय की वाटेत पंक्चर होऊन बसलीय हे त्यांना तिथून दिसायचं नाही. चिठ्ठी आली म्हणजे गाडी आली. आवाज मात्र असा खणखणीत, की ऐकून माणसं पिशव्या उचलून धावत सुटायची. त्या आवाजावर भाळूनच बाईंनी लग्न केलं असं बाईंच्या शिष्या म्हणत, आणि बाई त्यावर "मग काय, रूपावर?" एवढंच म्हणत.

बाई शास्त्रीय नृत्य शिकवायच्या. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन, एका भिंतीला आरसा आणि तीसेक मुली. सुरुवात पायांपासून नाही, हातांपासून. एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा आधी घोटून घ्यायच्या. पताक म्हणजे बोटं जुळवलेला सरळ पंजा, शिखर म्हणजे मूठ आणि वर ताठ अंगठा, असं करत करत अठ्ठावीस. वर आणि एकेकीचे वीस-वीस, चाळीस-चाळीस अर्थ. नवीन मुली पहिल्या महिन्यात रडकुंडीला यायच्या. बाई म्हणायच्या, रडा, पण करंगळी वाकवून रडू नका.

वर्षातून पाच-सहा कार्यक्रम व्हायचे आणि त्यात पहिली वीस मिनिटं हातांची असायची, कारण लोकांना नाचातलं ओ की ठो कळत नाही अशी बाईंची पक्की समजूत होती. काका पडद्याच्या कडेला माईकपाशी उभे राहायचे. हातात कागद, कागदावर छोटा दिवा, तोंड लोकांकडे. ते म्हणायचे, "पताक. ढग." मागे उजेडात बाई ढग करायच्या. "वन." की वन. "नदी." की नदी. लोकांना वाटायचं, बाई हात करतायत आणि काका ओळखून सांगतायत. प्रत्यक्षात सगळं उलट होतं. काका कागद वाचायचे आणि बाई त्यांच्या शब्दामागून जायच्या. लोक घरी जाताना म्हणायचे, काय जोडी आहे, तिचा हात हलायच्या आत यांना कळतं. काका नुसतं हसायचे. हसून घेतलेली शाबासकी नंतर परत कशी करणार?

एकदा कागदाची पानं उलटसुलट झाली. बाईंनी कमळ उमलवायला हात उचलला होता आणि काका ठणठणीत आवाजात म्हणाले, "साप." बाईंनी अर्धवट उमललेलं कमळ तिथल्या तिथे मिटलं, बोटं जुळवून पुढे वाकवली आणि फणा काढला. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "चारचौघांत तोंडघशी पाडू का मी तुम्हाला? पण तेवढे पानांना नंबर घाला हो." काकांनी नंबर घातले. मागे वळून मात्र त्यानंतरही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाचायची ओळ चुकली असती.

आणि मग एका सकाळी बाई मुलींना उभं करून स्वतः खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे कसं, ते हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने समजावलं. ऐकलेलं सगळं कळतंय, डोकं शाबूत आहे, फक्त शब्द सापडत नाहीत. लिहायलाही सापडत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, म्हणाली, त्यांच्या मानेवर जाऊ नका. चहा हवा का विचारलं तरी त्या मान डोलावतात आणि चहा नको ना विचारलं तरी डोलावतात. ते "हो" त्यांचं नाही, आजाराचं आहे.

तिसऱ्या दिवशी डावा हात उठला. बाईंनी तो चादरीवरून उचलला, पंजा सरळ केला, अंगठा दुमडून बोटांच्या कडेला लावला आणि हात हळूहळू हलवला. भेटायला आलेल्या तिघी शिष्या एकदम पुढे सरसावल्या. एक म्हणाली, "पताक! नदी म्हणतायत." दुसरी म्हणाली, "इथे कुठली नदी आणलीस? दार लावा म्हणतायत." तिसरी म्हणाली, "गप्प बसा म्हणतायत." बहुधा तिसरीचंच बरोबर असावं.

त्या तिघींत थोरली होती शिडी. दंतवैद्याकडे नोकरी करायची, चाळिशीला आली होती. उंचीमुळे बाई तिला शिडी म्हणू लागल्या त्या तिच्या लग्नातही शिडीच म्हणाल्या. ती म्हणाली, "अर्थ आम्हाला पाठ आहेत गं. पण त्यांतला नेमका कुठला, ते काकांनाच कळणार. हा हात त्यांनी आयुष्यभर सांगितलाय."

तिघींनी काकांकडे पाहिलं. नर्सनेही पाहिलं. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने मान वळवली. आणि खुद्द बाईंनी पाहिलं, मोठ्या आशेने पाहिलं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या हाताकडे नीट बघितलं. हात होता. बोटं होती. आणखी काही दिसेना.

"पाणी," काका म्हणाले. स्टँडवरच्या आवाजात म्हणाले.

बाई पाणी प्यायल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून पाणी सुरू झालं. बाईंनी बोट वर केलं, पाणी. मूठ वळली, पाणी. एका दुपारी अकरा ग्लास झाले तेव्हा नर्स म्हणाली, आजोबा, आजींना पोहायला शिकवताय का? पुढे काकांनी यादी वाढवली: उशी, खिडकी, पंखा. ते विचारायचे आणि बाई मान डोलवायच्या. खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. शेवटी बाई छताकडे बघत पडून राहायच्या आणि काका खिडकीची कडी धरून उभे.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून तो कागद काढला. नंबर घातलेली सात पानं. पताक: ढग, वन, रात्र, नदी, वारा, झोप. खाली पुढची मुद्रा, तिचे अर्थ, मग तिच्या पुढची. सगळं त्यांच्याच सुवाच्य अक्षरात होतं, आणि हात कसा करायचा हे एका ओळीतही लिहिलेलं नव्हतं. कशाला लिहिलेलं असेल? हात करणारी बाई मागे उभी असायची. काका आरशासमोर बसून आपली बोटं वाकवून बघायचे. कुठल्या नावाला कुठलं बोट हेच कळेना. पताक आणि शिखर तेवढी यायची, ती तर वर्ग झाडणारीलाही यायची.

शिडीला विचारता आलं असतं. ती दवाखाना सुटल्यावर रोज तासभर यायची, बाईंचा मेलेला हात चोळून द्यायची. पण विचारायचं कुठल्या तोंडाने? माईककाकांनी म्हणायचं, अगं, ती आत्ता काय म्हणाली? काका दोनदा तिच्यासाठी चहा घेऊन गेले, दोनदा घसा खाकरला आणि दोनदा "साखर पुरे ना?" विचारून परत आले.

दीड महिन्याने रविवारी मुलगी आली. लांबच्या शहरात तिचा संसार. नोकरी, दोन मुलं, सासूबाई आणि दोन खोल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विषय काढला.

"बाबा, आमच्या इथे एक केंद्र आहे. अशाच पेशंटांचं. रोज तीन तास बोलण्याचे उपचार, दोन तास पायांचे. सहा महिने तिथेच राहायचं. डॉक्टर म्हणतात, जे काही परत यायचं ते या सहा-आठ महिन्यांतच येतं, नंतर नाही. मी वशिला लावून एक बेड अडवून ठेवलाय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही महिन्यातून एकदा या. केंद्रात फक्त पेशंट. आमच्याकडे... तुम्हाला माहितीय कसं आहे ते. एखादा दिवस हॉलमध्ये काढता येईल."

काकांना खोटं बोलायचं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. त्यांना फक्त भीती वाटली. ही खोली रिकामी, पुढची खोली रिकामी, फळ्यांवर कोणी पाय आपटत नाही, आणि आपण दोन घरं सोडून ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःलाच जेवायला बोलावतोय. सहा महिन्यांत ती परत बोलायला लागली तर पहिलं वाक्य काय बोलेल, अशीही एक भीती होती. ती त्यांनी स्वतःशीसुद्धा पुरी उच्चारली नाही.

"तिला विचारू," ते म्हणाले.

"मग, विचारायचंच. आई म्हणेल तेच होईल. मी काही तिला पोत्यासारखी उचलून नेणार नाही." मुलीने आता कुठे पिशवी खाली ठेवली. "पण तिची मान काही कामाची नाही. तुम्हीच सांगा ती काय म्हणते ते. तुमच्याशिवाय कुणाला कळतंय?"

दोघं आत गेले. बाईंचा हात चोळून झाल्यावर तेलाची वाटी घेऊन उभी असलेली शिडी तिथे होतीच. मुलीने आईच्या खाटेवर बसून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. केंद्र. सहा महिने. रोज उपचार. बाबा इथे. बाई ऐकत होत्या. त्यांचे डोळे एकदा काकांवर गेले, तिथे जरा वेळ थांबले आणि परत आले.

मग त्यांनी डावा हात उचलला. मधली तिन्ही बोटं मुळापासून खाली वाकवली, अंगठा आणि करंगळी वर ताठ ठेवली आणि तो हात चादरीवरून पुढे नेऊ लागल्या. थोडा पुढे, थांबला. थोडा पुढे, थांबला. सरळ दाराच्या दिशेने. इतका स्वच्छ हात त्यांनी आजारपणात केला नव्हता.

काका त्या वेळी कुठे बघत होते? मुलीच्या तोंडाकडे. लोक समोर असले की लोकांकडे बघायचं, पाठीमागे काय चाललंय ते कागद सांगेल. तीस वर्षांची सवय ती, हातात कागद नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. मुलीचे डोळे भरून आले होते आणि ती वाट बघत होती.

"इथेच राहायचं म्हणते," काका म्हणाले. "माझ्याजवळ."

शब्द तोंडातून गेला आणि मगच त्यांनी वळून पाहिलं. बाईंचा हात दाराकडे जाता जाता मध्येच थांबला होता. बाई काकांकडे बघत होत्या. रागाने नाही. राग असता तर काकांना सोसला असता. हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग ती तीन बोटं आत वळली, करंगळी मिटली, मूठ झाली, अंगठा ताठ वर झाला, आणि ती मूठ बाईंनी गादीवर घट्ट रोवली.

"शिखर," मुलगी म्हणाली. आठव्या वर्षीच नाच सोडला होता तिने, पण शिखर सगळ्यांच्याच लक्षात राहतं. "शिखर म्हणजे निश्चय. हो ना बाबा? नक्की ठरलंय तिचं." आणि तिने आईच्या मुठीवर डोकं टेकलं आणि रडली. रडण्यात सुटका किती आणि दुःख किती, हे तिचं तिलाच माहीत. तासाभराने तिने केंद्रात फोन करून बेड सोडून दिला आणि चारच्या गाडीने ती गेली.

काका तिला कोपऱ्यापर्यंत सोडून परत येत होते तेव्हा शिडी जिन्यात चपला घालत होती. घातलेलीच चप्पल तिने पुन्हा काढली आणि पुन्हा घातली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"बाईंनी आधी मृगशीर्ष केलं होतं, चालण्याचं. पावलं टाकत नेलं दारापर्यंत. म्हणजे... जाते म्हणाल्या ना त्या? जायचंय म्हणाल्या. तुम्ही बोललात, मग त्यांनी हात बदलला." तिने खाली बघितलं. "मला वाटलं, तुमच्या दोघांत काहीतरी आधी ठरलं असेल. तुम्ही चुकाल असं कसं होईल?"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्यापुढे? हातांवरून?" शिडी खरोखरच गोंधळली होती. "मी कशी बोलणार काका?"

काका जिन्याच्या पायरीवरच बसले. त्यांना सगळं लख्ख कळलं, आणि कळून काडीचा उपयोग नव्हता. तिला जायचं होतं. बोलायला लागायचं होतं. त्यांनी भलताच शब्द पुकारला, आणि मुलीसमोर, शिष्येसमोर नवऱ्याची फजिती नको म्हणून तिने स्वतःचा हात मोडून त्यांच्या शब्दामागे लावला. ती आयुष्यभर हेच करत आली होती.

पण उठले. एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मुलगी घरी पोचायची वाट पाहिली आणि फोन लावला.

"आईला यायचंय," ते म्हणाले. "माझं चुकलं. मला तिचे हात कळत नाहीत. कधीच कळत नव्हते."

मुलगी पलीकडून अगदी हळू बोलली, चिडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, आज ते कपडे बदलणं, ते डायपर, ते सगळं मी पाहिलंय. तुम्ही थकलात, मला कळतं. पण असं नका ना सांगू. अख्ख्या जगाला तुम्ही तीस वर्षं सांगत होतात, आणि आता म्हणता कळत नाही? मी तिचं शिखर माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ते तिने माझ्यासाठी केलं."

"म्हणजे तेच ना बाबा. तुमच्यासाठीच राहिली ती. आता तुम्ही तिला कंटाळू नका."

"शिडीला विचार. तिने पाहिलंय."

"शिडीताई तुम्ही सांगाल ते म्हणेल. आणि बेड गेला, बाबा. मी सोडला तेव्हा अकरा जण रांगेत होते. पुढचा कधी मिळेल, आठ महिने, वर्ष, कुणास ठाऊक. मदतीला एक बाई बघते मी तुमच्याकडे. ठेवू का? मुलं जेवायची थांबलीयत."

फोन ठेवून काका आत गेले. खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं: कागद, दिवा, पाठ फिरवून उभं राहणं, ते अकरा ग्लास पाणी. आवाज कुठल्या कुठे गेला होता, त्यांचं त्यांनाच नीट ऐकू येत नव्हतं. "तुला माहीत होतं का गं?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान डोलावली. पण मान तर त्या कशालाही डोलवायच्या.

"पुन्हा एकदा कर," काका म्हणाले. "आता मी बघतो. कागद नको, काही नको. तू कर, मी बघतो."

बाईंनी हात चादरीखाली घेतला.

काकांना वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. ते पाणी द्यायचे, अंग पुसायचे, कूस बदलायचे, बाई सगळं करून घ्यायच्या. डोळ्यांत राग नाही, रुसवा नाही. काका खोलीत असेपर्यंत हात चादरीखाली, एवढंच. ते आता त्या हाताची इतकी वाट बघायचे की पाणी सांडायचं.

मदतीची बाई आली. शिडीने दवाखान्याची वेळ बदलून घेतली आणि दुपारची येऊन दोन-दोन तास बसू लागली. थेरपिस्टने दिलेली चित्रं ती दाखवायची, बाई बघायच्या. शब्द काही आला नाही. महिना गेला, दुसरा गेला.

एका दुपारी काका दोघींचा चहा ट्रेमध्ये घेऊन आले आणि दार लोटलेलं पाहून थबकले. आतून शिडीचं हसू ऐकू आलं. फटीतून खाटेचा पायथा आणि भिंत तेवढी दिसत होती, आणि भिंतीवर बाईंच्या हाताची सावली. सावली भराभर बदलत होती, बोटं उघडत होती, मिटत होती, वळत होती. दोन महिन्यांचं तुंबलेलं बोलणं एकदम वाहत होतं. काका श्वास रोखून बघत राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ऐकू येत होती ती फक्त शिडी.

"हो बाई," ती म्हणत होती. मग थोडा वेळ काही नाही. "नाही, ताईंचा फोन नाही आला." पुन्हा काही नाही. "ते? बरे आहेत. खातात की. थोडे वाळलेत." सावली थांबली, मग पुन्हा हलली, एकदाच, अगदी थोडी. "बाहेरच असतील, स्वयंपाकघरात. बोलवू का त्यांना?"

काकांनी ट्रे एका हातावर तोलला आणि दुसरा हात दाराला लावला.

भिंतीवरची सावली एकदा हलली आणि खाली गेली.

"बरं," शिडी म्हणाली. "नाही बोलवत."